मुक्त सॉफ्टवेअर घेतलं तर पैसे खरंच वाचतात का, आणि वाचले तर जातात कुठे?

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. तुमच्या शिक्षण संस्थेत हायस्कूल, कनिष्ठ महाविद्यालय, ग्रंथालय आणि कार्यालय मिळून ६४ संगणक आहेत. त्यातले प्रयोगशाळेतले ४० जुने आहेत. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ त्या मशीनवर बसत नाही. विक्रेत्याने ४० नव्या मशीनचं कोटेशन दिलंय. विंडोजच्या जागी लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवता येते, म्हणून कार्यकारिणीतले एक सदस्य म्हणतात, "लिनक्स टाका, सगळं फुकटात होईल." दुसरे म्हणतात, "फुकटाच्या नादात आपल्याच भागातल्या सॉफ्टवेअरवाल्या पोरांच्या पोटावर पाय कशाला आणायचा?" यातलं खरं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली २२ वर्षं कोल्हापूर-सांगली भागात शाळा, वाचनालयं आणि पतसंस्थांची संगणक व्यवस्था बसवतो आणि सांभाळतो. विकतचं सॉफ्टवेअर बसवलंय, मुक्तही बसवलंय, आणि दोन्हींची मजुरी घेतली आहे. माझ्या अनुभवात दोघा सदस्यांचं अर्धं अर्धं बरोबर आहे. पण दोघंही परवान्याच्या रकमेकडेच बघतायत. तुम्ही बघायला हवं ते हे, की पाच-सात वर्षांत संस्थेच्या खिशातून जाणारा पैसा कोणाकडे जातो, आणि उद्या पटेनासं झालं तर त्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडायला काय मोजावं लागेल. माझ्या कामात मोठी बचत आणि मोठा तोटा, दोन्ही या दुसऱ्या गोष्टीत झालेले मी पाहिलेत.

आधी 'फुकट' हा शब्द बाजूला ठेवू. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणाली लिहायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हा त्यांचा मुद्दा किमतीचा नव्हता, हक्काचा होता. प्रोग्राम कशासाठीही चालवायचा, आतून पाहून बदलायचा, दुसऱ्याला द्यायचा आणि बदललेलाही वाटायचा हक्क. हे हक्क देणारं ते मुक्त सॉफ्टवेअर. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढे तो याच हक्कांच्या परवान्याखाली दिला. आपल्याकडच्या माणसाला हे बियाण्यावरून पटकन कळतं. गावरान बी राखून ठेवता येतं, शेजाऱ्याला देता येतं, पुढच्या हंगामाला पुन्हा पेरता येतं. संकरित बी दरवर्षी दुकानातून आणावं लागतं. तरी शेतकरी संकरित घेतो, कारण बऱ्याच पिकांत त्याचा उतारा जास्त येतो, आणि तो हिशोब करूनच घेतो. पण बी घरचं आहे म्हणून नांगरट, खत, पाणी, भांगलण यातलं काहीच चुकत नाही. लिनक्सचंही तसंच आहे. बी फुकट मिळतं, मशागत करावीच लागते.

आता हिशोब. २०१९ साली एका संस्थेत मी ४८ मशीन लिनक्सवर नेल्या. वहीतले आकडे देतो. परवाना शून्य. एसएसडी, म्हणजे जुन्या मशीनला वेग देणारी नवी डिस्क, ८२ हजार. शिक्षकांचं प्रशिक्षण आणि त्यांच्या जुन्या फायली नीट करून देणं ६४ हजार. माझी मजुरी ४४ हजार. पहिल्या वर्षी एकूण १ लाख ९० हजार. दुसऱ्या वर्षापासून गावातलाच आयटीआय झालेला एक मुलगा आठवड्यातून दोन दिवस येतो, महिना ५ हजार. पाच वर्षांचे झाले ४ लाख ३० हजार. त्याच वेळी विकतच्या सॉफ्टवेअरचं जे कोटेशन होतं त्यात शैक्षणिक सवलतीच्या दराने परवाने २ लाख १० हजार, एसएसडी तेवढ्याच, आणि देखभाल करार वर्षाला ४८ हजार. पाच वर्षांचे ५ लाख ३२ हजार.

फरक १ लाख २ हजारांचा. मशीनमागे वर्षाला सव्वाचारशे रुपये. "सगळं फुकटात होईल" म्हणणाऱ्या सदस्यांना हा आकडा नक्की दाखवा. बचत आहे, पण त्यावर नवी इमारत उभी राहणार नाही. मात्र या दोन रकमा कुठे गेल्या ते बघा. पहिल्या हिशोबात एसएसडी सोडल्या तर उरलेले ३ लाख ४८ हजार प्रशिक्षण देणारा, फायली दुरुस्त करणारी मुलगी, मी आणि तो आयटीआयवाला मुलगा अशा माणसांच्या हातात गेले. आणि त्या मुलाला आता नेटवर्क लावता येतं, सर्व्हर सांभाळता येतो. शेजारच्या दोन पतसंस्थांनी त्याला बोलावलंय. दुसऱ्या हिशोबातले २ लाख १० हजार पावती होऊन जिल्ह्याबाहेर, बहुतेक देशाबाहेर गेले असते, आणि पाच वर्षांनी पुन्हा मागितले गेले असते.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी विक्रेत्याने बहुधा सांगितली नसेल. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेट विकायला ठेवली आहेत. व्यावसायिक ग्राहकाला पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. पण पात्र शिक्षण संस्थांना त्याच अपडेटचे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४. तुमची संस्था पात्र ठरते का ते शैक्षणिक परवाने देणाऱ्या वितरकाकडून लेखी घ्या. ठरत असेल तर ४० मशीन आजच्या आज बदलायची घाई उरत नाही, विचार करायला वेळ मिळतो.

या ६१ आणि १ च्या आकड्यांवर जरा थांबतो, कारण सॉफ्टवेअरचं सगळं अर्थकारण त्यात दिसतं. तीच वस्तू, तेवढेच कष्ट, आणि किंमत एका दारात ६१ तर दुसऱ्या दारात १. असं कसं? पहिली प्रत तयार करायला प्रचंड खर्च येतो, पण दुसरी, दहावी, लाखावी प्रत काढायला जवळजवळ काहीच लागत नाही. ज्वारीच्या पोत्याचा भाव कितीही पडला तरी पिकवण्याचा खर्च त्याच्या पाठीशी उभा असतो. सॉफ्टवेअरच्या प्रतीमागे असा खर्च नसतो. म्हणून तिची किंमत उत्पादन खर्चावरून ठरत नाही. समोरचा किती देऊ शकतो आणि किती अडकला आहे, यावरून ठरते. शाळेला स्वस्त मिळतं कारण शाळेतली मुलं उद्या त्याच सवयीने नोकरीला लागतात. यात मला कंपनीचा दोष दिसत नाही, धंदा असाच चालतो. पण आपण खरेदीदार आहोत, आणि आपली अडकण्याची पातळी हीच आपली किंमत आहे, हे माहीत असलेलं बरं.

आपल्या भागातलं एक सत्यही बोलायला हवं. इथे मुक्त सॉफ्टवेअरची स्पर्धा बऱ्याचदा विकतच्या परवान्याशी नसते, चोरलेल्या प्रतीशी असते. मी पाहणीला गेलो की दहातल्या सहा-सात ठिकाणी ऑफिसचं पॅकेज कुणीतरी पेन ड्राइव्हवरून टाकलेलं असतं. त्या संस्थेला "लिनक्सने पैसे वाचतील" म्हणणं निरर्थक आहे, तिने मुळात दिलेलेच नाहीत. १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना जाहीर पत्र लिहून आमचा प्रोग्राम चोरू नका म्हणून खडसावलं होतं. १९९८ मध्ये चीनबद्दल बोलताना त्यांचा सूर वेगळा होता: चोरणारच असतील तर आमचं चोरू देत, सवय लागेल, पैसे कसे घ्यायचे ते पुढच्या दशकात बघू. चोरीची प्रत वापरणारी संस्था पैसे देत नाही, पण सवय आणि फायली दोन्ही गहाण टाकते. शिवाय तपासणी झाली किंवा व्हायरसने फीचा सगळा हिशोब गेला, तर तो खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

आता बाहेर पडण्याचा खर्च. हे मी एका वाचनालयात जवळून पाहिलं. तालुक्याचं गाव, शंभरी ओलांडलेलं वाचनालय, ३८ हजार पुस्तकं. २००४ मध्ये त्यांनी शहरातल्या एका फर्मकडून ग्रंथालयाचा प्रोग्राम २२ हजारांना घेतला. काम चांगलं करायचा. २०१५ च्या सुमारास ती फर्म बंद पडली. प्रोग्रामला संगणकाच्या मागे लावायचं एक डोंगल होतं, आणि एका पावसाळ्यात वीज कडाडली त्या रात्री ते जळालं. सकाळी ग्रंथपाल बाईंनी मशीन लावलं तर प्रोग्राम उघडेना. पुस्तकं कपाटात होती, दाखल नोंदवह्याही होत्या. पण अकरा वर्षं टंकलेल्या नोंदी एका बंद फायलीत, आणि ती फाईल वाचणारं जगात कोणी नाही.

आम्ही ती फाईल फोडली. आतल्या नोंदी जुन्या, युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर अक्षरं एकाच पद्धतीने साठवायच्या प्रमाणाच्या) आधीच्या फॉन्टमध्ये होत्या. तो फॉन्ट लावला नाही तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. रूपांतराचा प्रोग्राम मी दोन संध्याकाळीत लिहिला. पण जुन्या फॉन्टमध्ये अक्षर जसं दिसतं त्या क्रमाने साठवलेलं असतं, युनिकोडमध्ये जसं उच्चारतो त्या क्रमाने. जुन्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. रफार जुन्यात नंतर, युनिकोडमध्ये आधी. त्यामुळे पहिल्या फेरीत 'किरण'ची वेलांटी पुढे लटकत होती आणि 'पर्व'चं 'पवर्' झालं होतं. वाचक येऊन 'शिवाजी' शोधायचा आणि शंभरावर पुस्तकं असून यादी रिकामी यायची. नियम सुधारत गेलो तरी जोडाक्षरांत चुका उरल्याच. शेवटी ग्रंथालयशास्त्राच्या दोन विद्यार्थिनी बसवल्या. त्यांनी चार महिने एकेक नोंद दाखल नोंदवहीशी पडताळली. बाई रोज संध्याकाळी त्यांच्यासोबत बसायच्या, कारण १९३० आणि ४० मधल्या लेखकांची नावं कशी लिहायची हे फक्त त्यांनाच माहीत होतं.

एकूण खर्च १ लाख १५ हजार. म्हणजे २२ हजारांचं सॉफ्टवेअर सोडायला त्याच्या पाचपटीहून जास्त रक्कम लागली. विकत घेताना हा आकडा कोणाच्याच डोक्यात नव्हता, माझ्याही नसता.

त्या नोंदी आम्ही कोहा या ग्रंथालयाच्या मुक्त प्रणालीत घातल्या. तिची गोष्ट मला फार आवडते. न्यूझीलंडमधल्या लेविन या छोट्या गावच्या ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० साल उलटल्यावर चालणार नव्हती. बाजारातल्या प्रणाली त्यांच्या गरजेला आणि खिशाला बसत नव्हत्या. त्यांनी देशातल्याच एका कंपनीला पैसे देऊन नवी लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये वापरात आणली आणि सोर्स कोडसकट, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ लिखाणासकट, जगाला देऊन टाकली. 'कोहा' म्हणजे माओरी भाषेत भेट, पण परतफेडीची जाणीव असलेली भेट, आपल्याकडच्या आहेरासारखी. ती परतफेड खरोखर झाली. जगभरातल्या ग्रंथालयांनी त्यात आपापल्या गरजेच्या सोयी करून घातल्या आणि त्या लेविनलाही मिळाल्या. एका गावाने आपल्या गरजेपुरता केलेला खर्च आज आपल्या तालुक्यातल्या बाईंच्या कामाला येतो.

पण कोहात गेलो म्हणून सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. वाचनालयाचा जीव वाचला तो नोंदी युनिकोडमध्ये आणि 'मार्क' या ग्रंथालय नोंदींच्या सर्वमान्य स्वरूपात आल्यामुळे. उद्या त्यांना कोहा नको झालं तर दुसरीकडे नेता येतील. म्हणून मी संस्थांना सांगतो की आधी डेटाचं स्वरूप मुक्त ठेवा. विकतची प्रणाली तेवढं लेखी देत असेल आणि काम चांगलं करत असेल, तर जरूर घ्या.

याचं सगळ्यात सरळ उदाहरण तुमच्याच कार्यालयात असेल: टॅली. ती सोडू नका. ती बंदिस्त आहे, विकत आहे, विंडोजवरच चालते. पण जिल्ह्यातला जवळजवळ प्रत्येक हिशोबनीस, लेखापरीक्षक आणि बी.कॉम. झालेलं पोर ती जाणतं. तुमचे हिशोब बघणारे भाऊसाहेब उद्या निवृत्त झाले तर परवा दुसरा माणूस बसेल. माणूस सहज मिळणं हाही पैसाच आहे. तसंच शालार्थ, यू-डायस ही पगाराची आणि शाळेच्या माहितीची सरकारी कामं ब्राउझरमध्ये होतात, तिथे लिनक्सची अडचण नाही. पण डिजिटल सहीचं टोकन जिथे लावावं लागतं तिथे लिनक्सपेक्षा विंडोजवर निम्माच त्रास होतो, असा माझा अनुभव आहे.

मोठ्या प्रमाणावर काय घडतं हे बघायला दोन ठिकाणं कामाची आहेत. केरळने २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू केला आणि पुढे शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. २०१९ मध्ये तिथल्या काईट या सरकारी संस्थेने जाहीर केलं की २ लाख संगणकांमागे ३ हजार कोटी रुपये वाचतात. हा आकडा सगळीकडे फिरतो, तुमच्या सदस्यांनीही बहुधा तोच ऐकला असेल. पण तो मशीनमागे दीड लाखाचे परवाने धरून काढलाय, आणि शाळांनी तेवढे पैसे कधीच मोजले नसते. केरळची खरी कमाई माझ्या मते वेगळी आहे. त्यांनी शिक्षकांना वर्षानुवर्षं प्रशिक्षण दिलं, मल्याळममधून चालणारी स्वतःची प्रणाली बांधली, पुस्तकं तिच्यावर बेतली. वाचलेला पैसा माणसात घातला, म्हणून ते टिकलं.

दुसरं म्युनिक. जर्मनीतल्या या शहराने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार मशीन बदलल्या, आणि मधे एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचं सांगितलं. तरी २०१७ मध्ये नगरपरिषदेने परत विंडोजकडे जायचा निर्णय घेतला. बाहेरून फायली येताना बिघडतात, कर्मचाऱ्यांची कुरकुर आहे, ही कारणं होतीच. पण आयटी विभागाच्या रचनेतच गोंधळ आहे, असं त्या वेळच्या पाहणीतही आलं होतं. दहा वर्षांची मेहनत एका राजकीय बदलाने उलटली. तुमच्याकडेही कार्यकारिणी बदलते. म्हणून जो निर्णय घ्याल त्याचा कारणांसकट ठराव लिहून ठेवा.

इथवरचं थोडक्यात: परवान्यात वाचतं ते बहुतेक माणसांवर खर्च होतं, निव्वळ बचत माफक असते, पण पैसा गावात राहतो आणि बाहेर पडायची वाट मोकळी राहते. ती माणसं तयार केली नाहीत तर मात्र यातलं काहीच हाती लागत नाही.

आता पोटावर पाय येण्याचा प्रश्न. तो मनापासून विचारलेला आहे, म्हणून त्याला तसंच उत्तर देतो. मी स्वतः २००३ ते २००९ या काळात शाळांना फी-पावतीचा प्रोग्राम विकायचो, प्रतीला १२ हजार. मुक्त प्रणाली आल्या तशी प्रतीची विक्री थांबली. तो तोटा खरा होता, आणि त्यानंतरची दोन वर्षं घरी ओढाताण झाली. माझ्याबरोबर हेच काम करणाऱ्या दोघांनी धंदा बदलला. तेव्हा कोणाचंच काही जात नाही, असं मी म्हणणार नाही. तयार प्रत विकून जगणारा छोटा विक्रेता यात मार खातो.

पण काम संपत नाही, काम सरकतं. मला प्रतीचे पैसे मिळेनासे झाले आणि बसवणं, शिकवणं, बदलून देणं, बिघाड काढणं याचे मिळू लागले. हेच मोठ्या पातळीवर पाहायचं तर रेड हॅटचं बघा. ज्याचा सोर्स कोड तेव्हा कोणीही घेऊ शकत होता असं लिनक्स सांभाळून, त्याची हमी आणि सेवा विकणारी ही कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला घेतली. तिचं भारतातलं मोठं अभियांत्रिकी केंद्र आपल्या पुण्यात आहे. मुंबईतल्या फ्रॅपे कंपनीने ईआरपीनेक्स्ट ही व्यवसाय सांभाळायची प्रणाली मुक्त ठेवली. ती बसवून देणाऱ्या छोट्या फर्म त्यावर धंदा करतात, त्यांना परवान्याची परवानगी मागावी लागत नाही. ज्या पोराकडे भांडवल नाही पण हात आणि डोकं आहे, त्याला हे दार उघडं मिळतं. बंदिस्त प्रणालीत तो जास्तीत जास्त कमिशनवरचा विक्रेता होतो.

हे किती मोठं आहे याचा एक अंदाज २०२४ मध्ये हार्वर्डच्या अभ्यासकांनी मांडला. जगात सर्रास वापरलं जाणारं मुक्त सॉफ्टवेअर पुन्हा एकदा लिहायचं झालं तर सुमारे ४.१५ अब्ज डॉलर लागतील. पण ते नसतं आणि प्रत्येक कंपनीला आपापलं करावं लागलं असतं तर ८.८ लाख कोटी डॉलर लागले असते. एकाने केलेलं काम सगळ्यांना वापरता येण्यातून हा फरक येतो. युरोपीय आयोगाच्या २०२१ च्या अभ्यासात असं आलं की २०१८ मध्ये तिथल्या कंपन्यांनी मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सुमारे १ अब्ज युरो घातले आणि अर्थव्यवस्थेला ६५ ते ९५ अब्ज युरोंचा फायदा झाला. असे आकडे गृहीतकांवर उभे असतात. मी त्यातून दिशा घेतो, शेवटचा आकडा नाही.

आणि या व्यवस्थेत एक अन्यायही आहे, तो मला टोचतो. हार्वर्डच्याच त्या अभ्यासात दिसतं की वापराच्या बाजूने मोजलेलं ९६ टक्के मूल्य फक्त ५ टक्के प्रोग्रामरांनी निर्माण केलंय. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड ही खोट सापडली. जगातल्या बँकांची, दुकानांची सुरक्षा ज्यावर उभी होती, तो प्रकल्प पूर्ण वेळ सांभाळणारा तेव्हा एकच माणूस होता आणि वर्षाला देणग्या सुमारे २ हजार डॉलर येत होत्या. सगळे पाणी भरतात आणि विहिरीचा गाळ काढायला कोणी येत नाही, अशी ही स्थिती. आपल्याकडे २०२४ मध्ये बंगळूरच्या झिरोधा या शेअर दलाली कंपनीने अशा प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी सुरू केला, तेव्हा मला खरंच बरं वाटलं. मी प्रत्येक संस्थेला सांगतो की वाचलेल्या पैशातले वर्षाला दोन-चार हजार तरी वापरत असलेल्या प्रकल्पाला द्या. तेही जमत नसेल तर मराठी भाषांतरातल्या चुका कळवा. ज्या वाचनालयाची गोष्ट सांगितली त्या बाईंनी कोहाच्या मराठी पडद्यांतले सत्तर-ऐंशी शब्द सुधारून पाठवले. त्यांना प्रोग्रामिंगचं अक्षर येत नाही.

"आज मुक्त आहे, उद्या मालकाने परवाना बदलला तर?" हेही तुमच्या बैठकीत निघेल. बदलतात. रेडिस या प्रसिद्ध डेटाबेसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये परवाना कडक केला. पण आधीची आवृत्ती मुक्तच होती, त्यामुळे काही दिवसांतच इतरांनी तीच पुढे नेणारा व्हाल्की हा प्रकल्प उभा केला. बंदिस्त प्रणालीत मालकाने दर वाढवला की आपल्याकडे फक्त विनंती उरते. इथे समुदायाच्या हातात निदान बी तरी असतं.

आता तुमच्या ६४ मशीनबद्दल. तुमच्या लिहिण्यावरून मला वाटणी अशी दिसते: प्रयोगशाळा ४०, शिक्षक कक्ष १२, कार्यालय ८, ग्रंथालय ४.

कार्यालयाच्या ८ मशीन विंडोजवरच ठेवा, नवीन घ्यायच्या तर याच घ्या, आणि टॅलीसकट सगळे परवाने रीतसर करा. प्रयोगशाळेतल्या ४० मशीन फेकू नका. एसएसडी आणि ८ जीबी रॅम घातली की लिनक्स मिंट या लिनक्सच्या सोप्या आवृत्तीवर त्या आणखी चार-पाच वर्षं सहज चालतील. भाव रोज हलतात, तेव्हा तीन दुकानांची दरपत्रकं घ्या. अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयातलं एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी लिनक्सवर नीट चालतं. पण मंडळाच्या परीक्षेच्या त्या वर्षीच्या सूचना वाचूनच ठरवा आणि लागतील तेवढी मशीन विंडोजवर राखून ठेवा. शिक्षक कक्षात घाई करू नका. आधी दोन मशीनवर लिब्रेऑफिस हे मुक्त ऑफिस पॅकेज द्या, प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सरांना आणि मॅडमना एक सत्र वापरू द्या. जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणायला लागणारे दिवस आणि पैसे अंदाजपत्रकात वेगळे दाखवा, नाहीतर तो भार शिक्षकांच्या रविवारवर पडतो आणि महिनाभरात सगळे लिनक्सला नावं ठेवतात. आणि कोणत्याही परिस्थितीत सांभाळायला गावातला एक माणूस नेमल्याशिवाय सुरुवात करू नका. मी आजवर जी तीन कामं फसलेली पाहिली, ती तिन्ही इथेच फसली.

ग्रंथालयाच्या ४ मशीनला आज हात लावू नका. तिथे आधी एक पत्र लिहा. तुमचा ग्रंथालयाचा प्रोग्राम ज्यांच्याकडून घेतलाय त्यांना विचारा: आमच्या सगळ्या नोंदी युनिकोडमध्ये, मार्क किंवा सीएसव्ही या साध्या तक्त्याच्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत मिळतील? उत्तर लेखी मागा. आलं की त्यातल्या वीस-पंचवीस नोंदी, वाचकांची नावं काढून, इथेच टाका. वेलांट्या आणि रफार बघून, रूपांतराला किती काम लागेल ते मी सांगतो.